मऊपणाचे माप

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण एकावरून अनेकांचे अनुमान करताना म्हणतो. पण त्या म्हणीच्या पोटात एक साधी शारीर क्रिया आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शीत नुसते पाहून भात शिजला की नाही हे कळत नाही. ते चिमटीत धरून दाबावे लागते. आंबा पिकला का, हे पाहण्यासाठी आपण तो अंगठ्याने दाबतो आणि फळवाला लगेच ‘दाबू नका’ म्हणून खेकसतो. त्याचे खेकसणे रास्तच असते, कारण दहा गिऱ्हाइकांनी दाबलेला आंबा अकराव्याच्या हाती पडतो तेव्हा तो डागाळलेला असतो. रंग दुरून दिसतो, वास दुरून येतो, आवाज तर भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. मऊपणा मात्र वस्तूला थोडा त्रास दिल्यावाचून कळत नाही. ज्याला तो जाणायचा आहे त्याने जवळ गेले पाहिजे, दाबले पाहिजे, आणि दाबताना कोठे थांबावे हेही त्याच क्षणी ओळखले पाहिजे.

हे सारे आठवण्याचे निमित्त वाचकांना थोडे अनपेक्षित वाटेल. शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्रमानवाच्या बोटांना मऊ आणि टणक यांतला भेद कळावा, म्हणून गेली कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांतून मोठा खटाटोप चालू आहे. त्यासाठी जी साधने घडविली जातात त्यांस स्पर्शसंवेदक म्हणतात. विषय तंत्रज्ञांचा आहे आणि त्यातील बारकावे त्यांनीच सांगावेत हे बरे. परंतु या खटाटोपातून एक जुना प्रश्न नव्या वेषात आपल्यापुढे उभा राहिला आहे, आणि तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून देण्यासारखा नाही, असे आम्हांस वाटते.

शल्यविशारदाचा हात रोग्याच्या शरीरातून बाहेर कसा पडला, हे आधी पाहू. पोट उघडून शस्त्रक्रिया करीत तेव्हा शल्यविशारदाला डोळ्यांइतकाच हाताचा आधार असे. यकृतावरून तळहात फिरविला की वरून जिची खूणही दिसत नाही अशी आत दडलेली गाठ बोटांना लागे. आतड्याच्या वेटोळ्यावरून बोटे सरकवीत नेली की कोठे ते जाड झाले आहे ते उमगे. 1985 साली जर्मनीत बोब्लिंगेन येथे एरिश म्यूहे यांनी पोट न उघडता, लहान छिद्रांतून दुर्बीण आणि लांब दांड्यांची हत्यारे घालून पित्ताशय काढले, आणि पुढल्या दहा-पंधरा वर्षांत ही रीत सर्वत्र रूढ झाली. रोग्याचे तीत कल्याणच झाले: जखम लहान, वेदना कमी, घरी परतणे लवकर. हात मात्र बाहेर राहिला. हत्याराच्या टोकाशी काय लागते आहे ते दांड्यातून पोचे खरे, पण जाड हातमोज्यातून पोचावे तसे. 2000 साली अमेरिकेत ‘दा विंची’ या शस्त्रक्रियायंत्राला मान्यता मिळाली, आणि तेवढाही धागा तुटला. आता शल्यविशारद रोग्यापासून काही पावलांवर एका आसनात बसतो, डोळे दृश्यपटाला लावतो, बोटांनी दोन मुठी हलवितो, आणि तिकडे यंत्राचे हात हलतात. काही पावले म्हणजे फारसे अंतर नव्हे; पण एकदा हात सुटला की अंतराला मर्यादा राहत नाही. 7 सप्टेंबर 2001 रोजी झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे निजलेल्या एका रुग्णेचे पित्ताशय काढले. डिसेंबर 2018 मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारातून सुमारे 32 किलोमीटरवर अहमदाबादेत असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या रोहिणीवर उपचार केले. ‘सर्जरी’ हा शब्द मुळात ‘हाताचे काम’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे, हे या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही.

हात गेल्यावर शल्यविशारदांनी डोळ्यांनाच स्पर्श करायला शिकविले. दोरा किती ताणला आहे ते त्याच्या ताठपणावरून, मांस किती चेपले आहे ते त्याच्या पांढरे पडण्यावरून ते ओळखू लागले. यांतले कित्येक अनुभवी लोक सांगतात की, काही वर्षांच्या सरावानंतर स्पर्शाची उणीव भासत नाही. त्यांच्या सांगण्यावर अविश्वास दाखविण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. तथापि 2024 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’च्या पाचव्या आवृत्तीत काही हत्यारांच्या टोकांवरचे बल शल्यविशारदाच्या बोटांपर्यंत परत पोचविण्याची सोय आली, यावरून ती उणीव अगदीच काल्पनिक नव्हती हे उघड आहे.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. बल कळले म्हणजे मऊपणा कळला असे होत नाही. भिंतीवर आणि उशीवर सारख्याच जोराने हात टेकता येतो. किती जोर लावला आणि त्या जोराने वस्तू किती दबली, या दोहोंचे प्रमाण कळले तरच वस्तू मऊ की टणक हे सांगता येते. आपले बोट हे प्रमाण न मोजताच जाणते, आणि त्याची युक्ती मोठी सुंदर आहे. बोटाचे टोक स्वतःच मऊ आहे. टणक वस्तूवर ते टेकले की ते स्वतः चपटे होते; मऊ वस्तूवर टेकले की ती वस्तू त्याला कुशीत घेते आणि स्पर्शाचे क्षेत्र झपाट्याने पसरत जाते. त्या पसरण्याची खबर त्वचेखालचे मज्जातंतू मेंदूला देतात. बोट मऊ आहे म्हणूनच त्याला मऊपणा कळतो. पोलादी चिमट्याला तो कळता ना. म्हणून यंत्राच्या बोटांवरही मऊ त्वचा चढवावी लागते. कोणी त्या त्वचेखाली दाबाने विद्युत्‌रोध बदलणारे पदार्थ घालतात. कोणी दोन पातळ पत्रे घालतात, ते दाबाने जवळ आले की त्यांची विद्युत्‌धारकता बदलते. जपानमध्ये सादाओ ओमाता आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1992 च्या सुमारास एक निराळाच मार्ग सुचविला: कंप पावणारा स्फटिक ऊतीला टेकवायचा आणि तिच्या मऊपणाप्रमाणे त्याची कंपनसंख्या किती बदलते ते पाहायचे. अमेरिकेत एडवर्ड एडेल्सन यांनी पारदर्शक मऊ गादीच्या पाठीमागे चक्क कॅमेराच बसविला. गादी कशी दबली ते तो पाहतो.

यांतून जे निघते ते किलोपास्कलमध्ये सांगता येते. यकृताच्या बाबतीत हे माप आता नित्याच्या व्यवहारात आले आहे, जरी तेथे बोटाच्या ऐवजी कातडीवर एक हलका ठोका देऊन त्याची लाट आत किती वेगाने जाते ते ध्वनिलहरींनी पाहतात. निरोगी यकृताचा आकडा 5 किलोपास्कलच्या आसपास असतो. यकृतकाठिण्य जडले की तो साधारणपणे 12-13 च्या वर जातो. पूर्वी वैद्य बरगडीखाली बोटे रोवून ‘यकृत हाताला लागते’ म्हणत, तेव्हा बहुधा उशीर झालेला असे. येथे यंत्राने हातावर निर्विवाद मात केली आहे. कित्येक रोग्यांची सुईने यकृताचा तुकडा काढण्याच्या यातनेतून सुटका झाली आहे. परंतु हा आकडा वजनकाट्यावरच्या आकड्यासारखा मानू नये. जिवंत ऊती स्प्रिंगप्रमाणे वागत नाही. हळू दाबली तर ती सरकते, झटकन दाबली तर अडते. थोडी दाबली तर मऊ, अधिक दाबली तर ताठर. तशीच दाबून धरली तर हळूहळू सैल पडते. खाली हाड असेल तर निराळी, चरबी असेल तर निराळी. म्हणजे आकड्याबरोबर ‘कोणी, कसे, किती वेगाने दाबले’ हेही सांगावे लागते. मराठीने या बाबतीत किलोपास्कलपेक्षा अधिक चोखंदळपणा दाखविला आहे असे आम्ही म्हटले तर तो भाषाभिमान समजू नये. लुसलुशीत, भुसभुशीत, लिबलिबीत, मऊसूत, नरम, कोवळे, चिवट, निबर, राठ, टणक हे शब्द एकाच पट्टीवरचे अंश नव्हेत. दाबल्यावर वस्तू काय करते याची ही वेगवेगळी वर्णने आहेत. लिबलिबीत वस्तू दबते आणि परत येत नाही. लुसलुशीत वस्तू दबते आणि परत येते.

मऊपणा वस्तूत असतो की स्पर्शात, यावर आपल्याकडे पूर्वीच वाद झाला आहे. सतराव्या शतकात बंगालमध्ये होऊन गेलेले नैयायिक विश्वनाथ पंचानन यांनी ‘भाषापरिच्छेद’ व त्यावरील ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’ या ग्रंथांत काठिण्य आणि सौकुमार्य हे स्पर्शाचेच प्रकार मानले आहेत. काठिण्य हा संयोगाचा एक विशेष आहे असे कोणी म्हणेल, तर त्यावर त्यांचे उत्तर असे की, तसे असते तर ते डोळ्यांनीही दिसले असते. युक्तिवाद तीन ओळींचा आहे, पण आजच्या शस्त्रक्रियागृहात तो जसा लागू पडतो तसा नवद्वीपच्या पाठशाळेत क्वचितच पडला असेल. कारण आज काठिण्य डोळ्यांना दिसते! संवेदक ऊतीवरून फिरतो आणि दृश्यपटावर मऊ भाग एका रंगात, टणक भाग दुसऱ्या रंगात उमटतो. मग विश्वनाथांचे उत्तर खोटे पडले काय? आम्हांस तसे वाटत नाही. दृश्यपटावर जे दिसते ते काठिण्य नव्हे, काठिण्याचे लिंग आहे. धूर पाहून अग्नी जाणावा तसे शल्यविशारद रंग पाहून काठिण्य जाणतो. प्रत्यक्षाची जागा अनुमानाने घेतली आहे. अनुमान हेही प्रमाणच आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त ज्याला अग्नी प्रत्यक्ष भाजला त्याने आणि ज्याने धूर पाहिला त्याने आपापल्या ज्ञानाची जात ओळखून असावे.

याच नैयायिकांचे आणखी एक मत आहे: मनाचा त्वचेशी संयोग झाल्यावाचून कोणतेच ज्ञान होत नाही, आणि गाढ झोपेत काही कळत नाही ते याच कारणाने. हे मत आज कोणी अक्षरशः स्वीकारणार नाही. पण दा विंचीच्या आसनाकडे पाहताना ते मनात येते. यंत्राला आता त्वचा मिळू लागली आहे, पण मन नाही. शल्यविशारदाला मन आहे, पण त्याची त्वचा तेथे नाही. आणि ज्याला दोन्ही आहेत तो भुलीखाली निजलेला आहे. जागा रोगी तपासताना वैद्य पोटावर हात ठेवतो आणि नजर चेहऱ्यावर ठेवतो. पोट ताठ होते, कपाळावर आठी पडते, तोंडातून ‘ओय’ निघते, आणि हात थांबतो. दाबणाऱ्याचे ज्ञान आणि दाबल्या जाणाऱ्याचे दुःख यांची तेथे एकाच क्षणी गाठ पडते.

म्हणून हात श्रेष्ठ आणि यंत्र कनिष्ठ, असा निवाडा देऊन मोकळे व्हावे असा मोह होतो. आम्ही तो आवरतो. हाताची आरती ओवाळणाऱ्यांनी आपल्याच इतिहासाकडे एकदा नीट पाहावे.

सुश्रुताने एकशे एक यंत्रे सांगितली आणि त्यांत हातालाच प्रधान यंत्र मानले, कारण हातावाचून इतर यंत्रे चालत नाहीत. त्याने शिष्यांना कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेदनाचा सराव करायला लावला. गळू कच्चे आहे, पिकत आले आहे की पिकले आहे, हे ओळखण्याच्या खुणा सांगताना पिकलेल्या गळवाची एक खूण त्याने अशी दिली आहे की, एका टोकाला बोटाने दाबले असता आतला पू पखालीतल्या पाण्यासारखा दुसऱ्या टोकाला सरकतो. स्पर्शाने मऊपणा मोजण्याचा हा धडा आजही कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात द्यावा इतका चोख आहे. आणि त्याच अध्यायात, कच्चे गळू अज्ञानाने कापणारा आणि पिकलेल्याची उपेक्षा करणारा या दोघांची निर्भर्त्सना करताना सुश्रुत म्हणतो की, त्यांना श्वपचासारखे समजावे. हाताला एवढा मान देणाऱ्या ग्रंथात, वाईट हातासाठी सुचलेली शिवी ही ज्याला शिवायचे नाही अशा माणसाची होती.

ती शिवी पोथीतच राहिली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर टिपणांत एक पत्र दिले आहे. ते मुळात ‘यंग इंडिया’च्या 12 डिसेंबर 1929 च्या अंकात आले होते. काठेवाडातील एका गावी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या शाळेत शिकविणाऱ्या एका शिक्षकाची ती हकीकत आहे. त्याची पत्नी नुकतीच बाळंत झाली होती. ती आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावातल्या वजनदार माणसांच्या मध्यस्थीने, फीची हमी घेऊन, तो एकदाचा आला, पण रोग्याला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. त्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने उष्णतामापक नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावली. मग त्याच वाटेने ती परत गेली. रात्री आठच्या सुमारास दिव्याच्या उजेडात डॉक्टरने पारा पाहिला, न्यूमोनिया आहे असे सांगितले, आणि औषध पाठवून दिले. पुढे तो पाहायलाही आला नाही. ती बाई मेली.

आम्ही या प्रसंगाकडे पुनःपुन्हा परत येतो, कारण त्यात यंत्र बिघडलेले नव्हते. पारा खरा होता. निदानही कदाचित खरे असेल. माप तीन हातांतून गेले म्हणून एका अंशानेही बदलले नाही. नळी न लावता हातच लावायला हवा होता, असेही कोणी म्हणणार नाही. ताप हातापेक्षा नळीलाच अचूक कळतो. तिथे उपकरणाने जे काम केले ते तापाचे मापन एवढेच नव्हते. जवळ न जाण्याची सोय त्याने करून दिली होती.

याच्या शेजारी दुसरे एक उपकरण ठेवून पाहावे. 1816 साली पॅरिसमध्ये रने लेनेक यांच्याकडे हृदयाचा विकार असलेली एक तरुण, स्थूल स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले, आणि हृदयाचे ठोके पूर्वी कधी ऐकले नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले. आजच्या स्टेथोस्कोपचा तो जन्म. हे उपकरणही अंतरातूनच जन्मले. परंतु त्या अंतराने वैद्याचा कान रोग्याच्या हृदयाच्या अधिक जवळ गेला. नळी तीच, अंतरही तेच म्हणावे तर म्हणता येईल; पण एका ठिकाणी त्याने हात लांबविला आणि दुसऱ्या ठिकाणी हात सोडवून घेतला. स्पर्शसंवेदकाच्या बाबतीत आम्हांस विचारावासा वाटतो तो प्रश्न हाच आहे. मनुष्याच्या बोटाची बरोबरी त्याला साधली की नाही, हा त्या मानाने गौण प्रश्न होय. आज ना उद्या ती साधेलच.

प्रश्न केवळ मोठ्या रुग्णालयांतल्या यंत्रमानवांपुरता नाही, हे स्तनांच्या कर्करोगाकडे पाहिले म्हणजे कळते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून 35 ते 64 या वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा एक दीर्घ अभ्यास केला. ज्या वस्त्यांत तपासणी व्हायची तेथे प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, केवळ हाताने स्तनांची तपासणी करीत. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले: 50 वर्षांवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते, त्याहून तरुण स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. कोणतेही क्ष-किरण यंत्र नाही, फक्त शिकविलेली बोटे. जर्मनीत फ्रांक हॉफमान या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तर अंध स्त्रियांना या कामासाठी तयार केले. छातीवर ब्रेल खुणांच्या पट्ट्या चिकटवून त्या बोटाबोटाने जागा तपासतात. दिल्लीतही अंध स्त्रियांना हे शिक्षण देण्यात आले आहे. ज्यांना समाज आधार देण्यापुरताच हात लावतो, त्यांच्या हाताला येथे मागणी आली.

आता याच कामासाठी मुठीत मावणारे एक यंत्रही आपल्या देशात वापरात आहे. दाबाला विद्युत्‌संकेताने उत्तर देणारे संवेदक त्यात आहेत. आरोग्यसेविका ते त्वचेवर टेकवीत जाते, आणि मोबाइलच्या पडद्यावर जेथे ऊती टणक लागेल तेथे लाल चौकोन उमटतो. कमी शिकलेल्या हाताला ते शहाणे करते, थकलेल्या हाताला चुकू देत नाही. आणि परक्या हाताचा संकोच वाटणाऱ्या स्त्रीला ते कदाचित अधिक सुसह्यही वाटत असेल. या यंत्राचे आम्ही स्वागतच करू. पण लाल चौकोन उमटला म्हणजे कर्करोग आहे असे ठरत नाही, आणि न उमटला म्हणजे नाही असेही ठरत नाही. पुढे त्या बाईला तालुक्याला न्यावे लागते, गाठीत सुई घालून तपासावे लागते, आणि तोवर तिच्या घरी शेणगोठा कोणी पाहायचा हेही ठरवावे लागते. हे सारे करणारे कोणी पाठीशी असेल तर तो चौकोन म्हणजे लांब केलेला हात आहे. नसेल, आणि आकडे गोळा करून वर पाठविणे एवढेच काम असेल, तर तो चौकोन आणि काठेवाडातली ती नळी यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

शस्त्रक्रियागृहातल्या यंत्रमानवाकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. त्याच्या बोटाला मऊपणा कळू लागला की पुढची पायरी उघड आहे: इतक्या बलापुढे दाबायचे नाही, असा आकडा त्याला आधीच सांगून ठेवता येईल, आणि तो तेथे आपण होऊन थांबेल. फळवाल्याचे ‘दाबू नका’ यंत्रातच बसविल्यासारखे ते होईल, आणि त्याने कित्येकांचे प्राण वाचतील यात शंका नाही. पण तो आकडा कोणाच्या ऊती दाबून ठरविला? सत्तरीच्या बाईचे आतडे आणि विशीतल्या गड्याचे आतडे सारखे नसते. कुपोषणाने झिजलेल्याचे तर निराळेच. बऱ्याच प्रयोगशाळांत संवेदकांचा सराव अजून सिलिकॉनच्या आणि जिलेटिनच्या गोळ्यांवर होतो, जसा सुश्रुताच्या शिष्यांचा कोहळ्यावर होई. कोहळ्यावरून माणसाकडे जाताना गुरू शिष्याच्या पाठीशी उभा असे. येथे त्या जागी कोण उभे राहायचे, यंत्र घडविणारा, ते विकत घेणारे रुग्णालय, की दृश्यपटाला डोळे लावून बसलेला शल्यविशारद, हे भुलीखाली जाण्यापूर्वी रोग्याने विचारले तर त्याला एका माणसाचे नाव सांगता आले पाहिजे, एवढे तरी आम्ही आज मागतो.